वावरातला गेटवे पुन्हा पुन्हा बंद पडतो: रस्टमधला कच्चा पार्सर कसा शोधायचा आणि पक्का करायचा

मांडणी साधारण सगळीकडे सारखीच असते. संत्र्याच्या बागेत किंवा ओलिताच्या कापसात जमिनीचा ओलावा मोजणारे सेन्सर. मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पायसारखा छोटा लिनक्स बोर्ड आणि त्यावर रस्ट या भाषेत लिहिलेली गेटवे सर्व्हिस, म्हणजे सेन्सरांचा डेटा गोळा करणारा प्रोग्रॅम. जवळचे सेन्सर आरएस-४८५ च्या वायरवर मॉडबस आरटीयू हा प्रोटोकॉल बोलतात. दोन धुरे ओलांडून असलेले नोड सिमकार्डावरून टीसीपीनं पॅकेट पाठवतात.

तक्रारही ठरलेली. सर्व्हिस चार-आठ दिवस नीट चालते, मग डेटा येणं थांबतं. कोणीतरी जाऊन बोर्डाचा प्लग काढतो आणि परत लावतो. कधी सुरू होते, कधी होत नाही. झाली तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. वरूड-मोर्शीकडे अंबिया बहारासाठी बागेला ताण दिलेला असताना नेमकी ओलाव्याची नोंद गेली, तर ताण कधी तोडायचा हे अंदाजावर येतं.

दोष बहुधा लाइनवर, वायरवर नाहीतर सिमच्या रेंजवर ढकलला जातो. त्यांचा हात असतोच. थ्री फेज आली की मोटार सुरू होते, त्या धक्क्यानं लांब वायरवर भलतेच बाइट उमटतात. जूनमधल्या विजांबद्दल तर बोलायलाच नको. पण वायरवर कचरा येणार हे गृहीत धरूनच प्रोग्रॅम लिहायचा असतो. कचरा आला म्हणून सर्व्हिस मरत असेल, तर बिघाड पार्सरमध्ये, म्हणजे आलेल्या बाइट्सचा अर्थ लावणाऱ्या कोडमध्ये, आहे आणि दुरुस्तीही तिथेच करायची आहे. वायर नवीन टाकली तर बंद पडण्याचं प्रमाण कमी होईल, एवढंच.

आधी सर्व्हिस मेली कशी ते बघा

प्लग काढण्याच्या आधी. बऱ्याच बोर्डांवर जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, फक्त रॅममध्ये राहतं, म्हणजे प्लग काढला की पुरावा गेला. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये 'स्टोरेज' हे 'पर्सिस्टंट' करा आणि 'सिस्टिम मॅक्स यूज' ५० एमबी ठेवा, नाहीतर एसडी कार्ड भरेल. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये 'रस्ट बॅकट्रेस' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा. मग पुढच्या वेळी सर्व्हिस पडली की सिस्टिमडीचा (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमचा) स्टेटस आणि जर्नलच्या शेवटच्या वीस ओळी वाचा.

स्टेटस १०१ असेल तर मुख्य थ्रेडमध्ये पॅनिक झालं, म्हणजे रस्टनं चूक पकडून काम तिथेच थांबवलं. बहुतेक वेळा वरच्या ओळीत स्लाइसच्या (बाइट्सच्या तुकड्याच्या) बाहेर गेल्याचा निरोप असतो, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांकही असतो. हा सगळ्यात सोपा प्रकार.

सिग्नल ६, म्हणजे अबॉर्ट, असेल तर तीन शक्यता. 'मेमरी ॲलोकेशन ऑफ अमुक बाइट्स फेल्ड' दिसलं तर पॅकेटमधल्या आकड्यावर विसंबून मेमरी मागितली गेली. स्टॅक ओव्हरफ्लोचा निरोप दिसला तर पार्सर स्वतःलाच बोलावत खोल गेला. दोन्ही नसेल, तर बहुधा प्रोफाइलमध्ये पॅनिकचं धोरण 'अबॉर्ट' ठेवलेलं आहे आणि हा साधा १०१ चाच भाऊ आहे.

सिग्नल ९ आला आणि तुम्ही स्वतः मारलेला नसेल, तर कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. सिग्नल ११, म्हणजे सेगफॉल्ट, रस्टमध्ये दिसला तर थेट 'अनसेफ'च्या, म्हणजे रस्टच्या तपासण्या सैल केलेल्या, ब्लॉककडे किंवा जोडलेल्या सी लायब्ररीकडे जा.

पाचवा प्रकार फसवा आहे. स्टेटस हिरवा, 'ॲक्टिव्ह, रनिंग', पण डेटा नाही. यात एक तर सीपीयू १०० टक्के असतो किंवा शून्य. १०० असेल तर पार्सर एकाच जागी फिरतोय. शून्य असेल तर तो कधीच न येणाऱ्या बाइट्सची वाट बघतोय, किंवा वाचणारा थ्रेड पॅनिक होऊन केव्हाच गेलाय आणि मुख्य थ्रेडला पत्ता नाही. रस्टमध्ये दुय्यम थ्रेडचं पॅनिक फक्त त्या थ्रेडला मारतं. 'जॉइन' करून निकाल तपासला नाही, तर सर्व्हिस बाहेरून जिवंतच दिसते. टोकिओ या लायब्ररीच्या टास्कचंही असंच.

बिघाड पहिला: पाच बाइटचं उत्तर

मॉडबसवर सगळ्यात जास्त भेटणारा हाच. दोन रजिस्टर मागितले की नीट उत्तर ९ बाइटचं येतं: पत्ता १, फंक्शन १, बाइट काउंट १, डेटा ४, सीआरसी (चूक पकडायचा तपासणी आकडा) २. पार्सर लिहिणारा तिसरा बाइट वाचतो, त्यात ५ मिळवतो आणि तेवढी स्लाइस कापतो. टेबलावर हे महिनाभर चालतं.

वावरात एक दिवस सेन्सर हे पाठवतो:

०१ ८३ ०२ सी० एफ१

हे अपवादाचं उत्तर आहे आणि मॉडबसच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे. फंक्शन ०३ च्या वरचा बिट १ झाला म्हणून ८३, आणि ०२ म्हणजे 'असा रजिस्टर पत्ता नाही'. सीआरसीही जुळतो. पण आपला पार्सर ०२ ला बाइट काउंट समजतो, २ अधिक ५ म्हणजे ७ बाइट कापायला जातो, हातात असतात ५. निरोप येतो: 'रेंज एंड इंडेक्स ७ आउट ऑफ रेंज फॉर स्लाइस ऑफ लेंग्थ ५'. लॉगमध्ये हे ७ आणि ५ एकत्र दिसले की बाकी काही शोधत बसू नका.

पार्सर स्लाइस कापण्याऐवजी 'रीड एक्झॅक्ट'नं वाचत असेल तर पॅनिक होत नाही, त्याहून वाईट होतं. तो उरलेल्या २ बाइट्सची वाट बघत राहतो. टाइमआउट नसेल तर सर्व्हिस मुकी. दुसरा थ्रेड पुढचा प्रश्न पाठवत असेल तर पुढच्या उत्तराचे पहिले दोन बाइट या उत्तरात ओढले जातात आणि तिथून प्रत्येक फ्रेम दोन बाइटांनी सरकलेली. मग सगळेच सीआरसी चुकायला लागतात आणि लोक वायर तपासायला धुऱ्यानं चालत जातात.

दुरुस्ती अशी. मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, आपणच आहोत, किती रजिस्टर मागितले ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा उत्तर दोनच प्रकारचं असू शकतं: नीट असेल तर ५ अधिक रजिस्टरांच्या दुप्पट बाइट, अपवाद असेल तर बरोबर ५. पहिले दोन बाइट वाचा. पत्ता ज्याला विचारलं त्याचाच आहे का? फंक्शन तेच आहे, की तेच अधिक वरचा बिट? तिसरं काहीही असेल तर फ्रेम फेका. बाइट काउंट हा रजिस्टरांच्या दुप्पटच हवा, नाहीतर फेका. म्हणजे समोरच्यानं सांगितलेली लांबी इथे फक्त तपासायला वापरायची, कापायला नाही.

फ्रेम फेकल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. मॉडबस आरटीयूमध्ये कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं हे सांगणारा क्रमांक नसतो. उशिरा आलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाचं समजलं जातं, आणि पत्ता व लांबी तीच असेल तर सीआरसीसकट पास होतं. ओलाव्याच्या जागी तापमान बसलेलं दिसतं ते यामुळेच. टाइमआउटनंतर सीरियल पोर्टचा इनपुट बफर रिकामा करा, थोडं थांबा, बफर पुन्हा रिकामा करा, मगच विचारा. प्रोटोकॉल साडेतीन अक्षरांची शांतता मागतो, ९६०० च्या वेगाला ती सुमारे ४ मिलिसेकंद होते. पण लिनक्सवर, त्यात यूएसबी कन्व्हर्टर असला तर, ही शांतता नेमकी मोजता येत नाही. एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर मुळातच १६ मिलिसेकंदांवर असतो. म्हणून फ्रेमचा शेवट शांततेवरून ओळखण्यापेक्षा अपेक्षित लांबीवरून ओळखलेला बरा. टाइमआउटनंतरचं थांबणं मात्र सढळ हातानं १०० मिलिसेकंद ठेवा.

वायरचं एवढंच: दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आणि एका जागी बायस. बायस नसला तर कोणी बोलत नसतानाही लाइन तरंगते आणि बाइट येत राहतात.

सीआरसी पास म्हणजे पॅकेट खरं, असं नाही

सोळा बिटांचा सीआरसी निव्वळ कचऱ्याला ६५,५३६ मध्ये एकदा पास करतो. तरंगत्या लाइनवर सेकंदाला एक कचरा फ्रेम बनत असेल तर दिवसाला ८६,४०० फ्रेम होतात. म्हणजे सरासरी रोज एखादी तरी सीआरसी पार करून आत येणार. 'सीआरसी तपासलाय, आता बिनधास्त अनरॅप करू' (अनरॅप म्हणजे एरर असेल तर थेट पॅनिक) हे जिथे लिहिलेलं असतं तिथेच आठवड्यानं सर्व्हिस पडते.

शिवाय सीआरसी कोणालाही काढता येतो. टीसीपीचा पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल तर त्यावर नोडच बोलेल असं नाही, जगभरचे पोर्ट चाळणारे प्रोग्रॅम त्यावर येऊन काहीबाही पाठवतात. तिथे प्रत्येक नोडला वेगळी किल्ली देऊन एचमॅक-एसएचए-२५६ ही सही लावा. तेही पार्सर कच्चा ठेवायची परवानगी नव्हे. नोडच्या फर्मवेअरमध्येच चूक असेल तर चुकीचं पॅकेट अस्सल सहीनिशी येतं.

आपल्या स्वतःच्या फॉरमॅटचा सीआरसी शून्यापासून सुरू होत असेल तर आणखी एक खोच आहे. अशा सीआरसीत सगळे शून्य बाइट घातले की उत्तरही शून्यच येतं. म्हणजे नुसत्या शून्यांनी भरलेला तुकडा 'बरोबर' ठरतो. वीज गेल्यावर एसडी कार्डावर नेमके असेच तुकडे राहतात. मॉडबससारखी सुरुवात एफएफएफएफपासून करा, आणि पॅकेटच्या तोंडाशी शून्य नसलेली दोन बाइटची खूण ठेवा.

बिघाड दुसरा: लांबीचा आकडा

टीसीपीवरच्या पॅकेटचं उदाहरण घेऊ. खूण २ बाइट, आवृत्ती १, प्रकार १, लांबी ४, असं ८ बाइटचं डोकं. मग तेवढ्या लांबीचा मजकूर, शेवटी सीआरसी २. मजकुरात नोडचा क्रमांक २ बाइट, नोंदींची संख्या २ बाइट आणि प्रत्येकी १६ बाइटच्या नोंदी.

चार बाइटच्या लांबीत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत काहीही येऊ शकतं. कापसाच्या गाडीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं वजन कोणी काट्यावर न घालता मान्य करत नाही. पार्सर मात्र सर्रास करतात. २०१४ साली ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीत सापडलेला हार्टब्लीड हा दोष याच जातीचा होता. पाठवणाऱ्यानं दोन बाइटांत सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या मजकुराशी ताडलीच नव्हती, त्यामुळे एका विनंतीला ६४ केबीपर्यंत भलतीच मेमरी बाहेर जात होती. रस्टमध्ये मेमरी बाहेर जाणार नाही, सर्व्हिस मरेल. शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिसणारा परिणाम मात्र एकच: डेटा बंद.

एकच चूक आकड्याप्रमाणे तीन रूपं घेते, म्हणून ती ओळखायला वेळ लागतो. लांबी ४ अब्जांच्या घरात आली आणि बोर्डाची ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटांची, रॅम १ जीबी असेल, तर मेमरी मिळत नाही आणि अबॉर्ट होतं. 'कॅच अनवाइंड' लावून हे पकडता येत नाही, कारण ते पॅनिक नव्हेच. ३२ बिटांच्या सिस्टिमवर त्याच आकड्याला 'कपॅसिटी ओव्हरफ्लो' असं पॅनिक होतं, स्टेटस १०१. आणि लांबी ६० कोटींच्या आसपास आली तर मेमरी मिळून जाते, कारण लिनक्स ती खरोखर वापरेपर्यंत देत नाही. मग सर्व्हिस ६० कोटी बाइट यायची वाट बघत बसते. मुकी.

बेरजेचा घोळ याहून आतला आहे. ३२ बिटांच्या सिस्टिमवर लांबी ४,२९,४९,६७,२९० आली असं धरा. डोकं ८ आणि सीआरसी २ मिळून १० मिळवले की रिलीज बिल्डमध्ये बेरीज गुंडाळून ४ होते. 'एकूण लांबी बफरपेक्षा कमी आहे ना' ही तपासणी ४ ला आनंदानं पास करते. पुढे ८ अधिक लांबी हीसुद्धा गुंडाळून २ होते आणि निरोप येतो: 'स्लाइस इंडेक्स स्टार्ट्स ॲट ८ बट एंड्स ॲट २'. सी भाषेत इथेच मेमरी फाटली असती. लॅपटॉपवर हे दिसत नाही, कारण तिथे 'यूसाइज' (लांबी मोजायचा रस्टचा पूर्णांक) ६४ बिटांचा असतो. डीबग बिल्डमध्ये बेरजेपाशीच पॅनिक होतं, कारण ओव्हरफ्लोची तपासणी तिथे मुळातच चालू असते. रिलीजमध्ये ती बंद असते. कार्गो या रस्टच्या बिल्ड टूलच्या रिलीज प्रोफाइलमध्ये 'ओव्हरफ्लो चेक्स' चालू करा. ओलाव्याच्या नोंदींसाठी वेगात पडणारा फरक जाणवणारही नाही.

'ॲज' वापरून केलेलं रूपांतरही असंच गप्प कापतं. ६५,५४० हा आकडा १६ बिटांत कोंबला की ४ उरतो. पार्सरच्या फाइलमध्ये 'ॲज' दिसला की तिथे आकडा मावला नाही तर एरर देणारा 'ट्राय फ्रॉम' घाला, अपवाद नको.

तपासणीचा क्रम हाच ठेवा, कारण क्रम बदलला की भोक राहतं:

१. आठ बाइट हातात येईपर्यंत मजकुराचा विचारच करू नका.
२. खूण आणि आवृत्ती ताडा. नाही जुळली की टीसीपी जोडणी बंद.
३. लांबी घ्या आणि आधी कमाल मर्यादेशी ताडा, कोणतीही बेरीज किंवा मेमरीची मागणी करण्याआधी. नोड एका पॅकेटात ४८ तासांच्या ४८ नोंदी पाठवत असेल तर ४ अधिक ४८ गुणिले १६ म्हणजे ७७२ ही मर्यादा. पुढेमागे लागेल म्हणून ६५,५३५ ठेवू नका. पावसाळ्यात रेंज चार दिवस गेली तर नोडनं दोन पॅकेटं पाठवावीत.
४. मर्यादेत असेल तर लांबी अधिक २ बाइट येऊ द्या, वेळेची मर्यादा लावून.
५. सीआरसी किंवा एचमॅक.
६. नोंदींची संख्या गुणिले १६ अधिक ४ हे लांबीइतकंच आहे का? कमी नको, जास्तही नको. गुणाकार ओव्हरफ्लो कळवणाऱ्या 'चेक्ड मल'नं.
७. प्रत्येक नोंद वाचा. शेवटी एकही बाइट उरलेला नसावा. उरला तर नोड आणि गेटवे यांच्या फॉरमॅटमध्ये फरक पडलाय, तो आजच कळलेला बरा.

चौथ्या पायरीत दोन टाइमआउट हवेत. 'सेट रीड टाइमआउट' हा प्रत्येक वाचनाला लागतो. कोणी त्या मुदतीच्या आत एकेक बाइट पाठवत राहिलं तर तो कधीच संपत नाही. पूर्ण पॅकेटसाठी वेगळी मुदत ठेवा. कमजोर रेंज धरून ६० सेकंद पुरतात. एका वेळच्या जोडण्यांनाही मर्यादा हवी, नोडांच्या दुप्पट एवढी.

वाचणारा एकच ठेवा

पार्सरमध्ये जागोजागी चौकटी कंसातला इंडेक्स असला की कितीही तपासण्या लिहिल्या तरी एखादी सुटते. त्यापेक्षा एक लहानसा वाचक लिहा, जो उरलेली स्लाइस स्वतःकडे ठेवतो आणि ज्याच्याकडे एकच मूळ कृती असते: 'इतके बाइट दे'. आत 'स्प्लिट ॲट चेक्ड' वापरा, ती रस्ट १.८० पासून आहे. नुसती 'स्प्लिट ॲट' पॅनिक करते, नाव सारखं असल्यानं गफलत होते. ठरावीक लांबीसाठी 'स्प्लिट फर्स्ट चंक' आहे, १.७७ पासून, ती ॲरेचा रेफरन्स देते आणि तो डीरेफरन्स करून 'फ्रॉम बीई बाइट्स'ला देता येतो. बाइट कमी पडले तर एरर परत द्या, आणि त्या एररमध्ये तीन आकडे ठेवा: कितव्या बाइटवर होतो, किती हवे होते, किती होते. वावरातून लॉग आला की या तीन आकड्यांवरून निम्म्या वेळा दोष घरबसल्या सापडतो.

एरर दोन जातींचे ठेवा, 'अपुरं' आणि 'चुकीचं'. वाहत्या टीसीपीत अपुरं म्हणजे अजून थांबा. पूर्ण आलेल्या फ्रेमच्या आत अपुरं म्हणजे चुकीचंच. हे दोन्ही एका जातीत घातले की पार्सर चुकीच्या पॅकेटवर आणखी बाइट मागत बसतो. नॉम ही लायब्ररी वापरत असाल तर तिच्या 'स्ट्रीमिंग' आणि 'कंप्लीट' या दोन वाटा याचसाठी आहेत. मजकुराच्या आत 'कंप्लीट'च घ्या.

मग क्लिपी या रस्टच्या कोड तपासणाऱ्या टूलला कामाला लावा. पार्सरच्या मॉड्यूलवर 'इंडेक्सिंग स्लाइसिंग', 'अरिथमेटिक साइड इफेक्ट्स', 'कास्ट पॉसिबल ट्रंकेशन' आणि 'अनरॅप यूज्ड' हे चार लिंट 'डिनाय' करा. पूर्ण प्रोजेक्टवर लावलेत तर शेकडो इशारे येतील आणि कंटाळून कोणीतरी ते बंद करेल. फक्त पार्सरच्या मॉड्यूलवर लावा.

अनसेफ आणि सीचे स्ट्रक्चर

नोडचं फर्मवेअर सीमध्ये असतं आणि लिहिणारा बऱ्याचदा पूर्ण स्ट्रक्चर उचलून तसंच पाठवतो. एक बाइटच्या फील्डनंतर चार बाइटचं फील्ड असेल तर बहुतेक ३२ बिटांच्या चिपवर ते ५ नाही, ८ बाइट होतं, मधले ३ भरीचे. कंपायलरचे पर्याय बदलले की हा हिशोब बदलू शकतो. फर्मवेअर अपडेटनंतर दुसऱ्या दिवसापासून ओलावा विचित्र दिसतोय अशी तक्रार आली तर हे तपासा.

गेटवेच्या बाजूला याच स्ट्रक्चरवर पॉइंटर बसवायचा मोह होतो. करू नका. बफरमधला पत्ता चारच्या पटीत असेल याची खात्री नाही. बूलमध्ये ० किंवा १ सोडून दुसरं काही आलं, किंवा इनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या प्रकारात) नसलेला आकडा आला, तर ते नुसतं चुकीचं मूल्य राहत नाही, पूर्ण प्रोग्रॅमचं वागणं अनिश्चित होतं. आकडा म्हणून वाचा आणि 'मॅच' लावून इनम बनवा, अनोळखी आकड्याला एरर. खूपच फील्ड असतील तर झिरोकॉपी किंवा बाइटमक घ्या, त्या टाइपच्या अटी कंपाइल करताना तपासतात आणि बफरची लांबी व अलाइनमेंट चालताना. नावासारखा मजकूर असेल तर 'फ्रॉम यूटीएफ८', 'अनचेक्ड' वाला कधीच नाही.

आकडा वाचला, पण तो शक्य आहे का

तुटलेला सेन्सर बऱ्याचदा ६५,५३५ देतो. दहानं भागून तो ६,५५३.५ टक्के ओलावा म्हणून डेटाबेसमध्ये बसतो आणि आलेखाची पट्टी बिघडवतो. मर्यादा लावा, पण इथल्या हवेला धरून. हवेच्या तापमानाची कमाल ४५ ठेवली तर अकोला-चंद्रपूरकडचा मे महिन्यातला खरा डेटाच फेकला जाईल. ६० ठेवा.

फ्लोट असेल तर तपासणी सरळ लिहा, उलटी नाही. 'उणे १० पेक्षा कमी किंवा ६० पेक्षा जास्त असेल तर फेक' ही अट 'नॅन' (आकडाच नसलेलं फ्लोट मूल्य) बिनदिक्कत आत सोडते, कारण नॅनशी केलेली कोणतीही लहान-मोठी तुलना खोटीच निघते. 'उणे १० ते ६० च्या आत असेल तरच घे' अशी लिहा, रेंजचं 'कंटेन्स' वापरून.

वेळेचंही बघा. नोडच्या घड्याळाचा सेल गेला की तारीख १९७० किंवा २००० ची होते, आणि कधीकधी भविष्यातलीही. आत्ताच्या वेळेतून नोंदीची वेळ वजा करताना 'चेक्ड सब' नसेल तर भविष्यातल्या तारखेवर तीच गुंडाळणारी वजाबाकी.

प्लग काढूनही सुरू होत नाही तेव्हा

इथे दोष वायरवरून येणाऱ्या पॅकेटमध्ये नसतो, कार्डावर साठवलेल्या रांगेत असतो. रेंज नसताना सर्व्हिस नोंदी फाइलमध्ये ठेवते. लिहिता लिहिता लाइन गेली, शेवटची नोंद अर्धी राहिली. सर्व्हिस सुरू झाली की पहिल्यांदा ती रांग वाचते, अर्ध्या नोंदीवर पॅनिक होते, सिस्टिमडी पुन्हा सुरू करतो, पुन्हा तीच नोंद. सिस्टिमडीचा मूळ नियम १० सेकंदांत ५ वेळा असा आहे आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर मुळात १०० मिलिसेकंदच असतं. त्यामुळे पाचही प्रयत्न क्षणात संपतात आणि तो 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' म्हणून हात झटकतो. प्लग काढून लावला की आणखी पाच प्रयत्न, बस. त्यात प्लग काढण्यानंच नवी अर्धी नोंद तयार व्हायची शक्यता.

'रीस्टार्ट सेक' ५ केलं तर पाचची मर्यादा लागत नाही, पण मग सर्व्हिस दर पाच सेकंदांनी मरत राहते. म्हणून आधी रांग वाचणाऱ्या भागालाच वरचे सगळे नियम लावा. आपणच लिहिलेली फाइल असली तरी ती परकी समजा. नोंद चुकीची निघाली की ती जशीच्या तशी 'बाद' नावाच्या फोल्डरमध्ये हलवा आणि पुढे चला. त्या फोल्डरमध्ये २०० फाइलींची मर्यादा, जुन्या आपोआप पुसल्या जाव्यात. नोंदीतली लांबी डोक्यासकट मोजलेली असेल आणि तिथे शून्य आलं तर वाचक शून्य बाइट पुढे सरकतो, म्हणजे सरकतच नाही. सीपीयू १०० चं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. लांबी डोक्यापेक्षा कमी असेल तर चुकीचं, हे वेगळं लिहा.

आत्ता बंद पडलेला बोर्ड सुरू करायचा असेल तर रांगेची फाइल दुसऱ्या नावानं हलवा, पुसू नका. मग 'रीसेट फेल्ड' आणि 'स्टार्ट'. ती फाइल पुढच्या कामाला लागते.

युनिटमध्ये 'वॉचडॉग सेक' १२० लावा, म्हणजे तेवढ्या सेकंदांत खबर आली नाही तर सिस्टिमडी सर्व्हिस अडकली असं समजेल, आणि वॉचडॉगला खबर वाचणाऱ्या थ्रेडच्या फेरीतूनच द्या. वेगळ्या टायमर थ्रेडमधून दिली तर वाचणारा मेला तरी टायमर 'सगळं ठीक' सांगत राहतो.

फझिंग: बोर्डावर नाही, लॅपटॉपवर

फझिंग म्हणजे पार्सरला मुद्दाम वेडेवाकडे बाइट देऊन तो पडतो का ते बघणं. त्यासाठी कार्गो-फझ घ्या. त्याला रस्टची नाइटली आवृत्ती लागते, विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये चालवा. पार्सर हा बाइट्सची स्लाइस घेऊन निकाल देणारा शुद्ध फंक्शन असावा, आत सॉकेट नको, फाइल नको, घड्याळ नको. नसेल तर आधी तो वेगळा काढा, त्याशिवाय फझिंगला अर्थ नाही. बीज म्हणून 'बाद' फोल्डरमधल्या फाइली आणि बाजूला ठेवलेली रांग द्या. हाती बनवलेल्या नमुन्यांपेक्षा वावरातला खरा कचरा जास्त कामाचा. कमाल लांबी २,०४८ ठेवा.

फझर सीआरसीपाशी अडतो. आंधळेपणानं बदललेल्या बाइट्सचा सीआरसी जुळत नाही आणि मागचा कोड तपासलाच जात नाही. कार्गो-फझ बिल्ड करताना 'फझिंग' हा सीएफजी (बिल्डची खूण) लावतो. तो असेल तेव्हा सीआरसीचा निकाल नेहमी पास द्या. रिलीजमध्ये ही वाट कंपाइलच होत नाही. रात्रभर चालवा. जे सापडेल त्या प्रत्येक फाइलची युनिट टेस्ट करून ठेवा.

एवढं करूनही ३२ बिटांची बेरीज सुटते, कारण फझर ६४ बिटांच्या लॅपटॉपवर चाललेला असतो. त्यासाठी त्याच टेस्ट आय६८६ या ३२ बिटांच्या टार्गेटवर चालवा, किंवा मीरी या कोड चालवून तपासणाऱ्या रस्टच्या टूलला ३२ बिटांचं टार्गेट देऊन. मीरी हळू आहे, पण अनसेफमधली चुकीची अलाइनमेंट आणि अवैध बूल ती नाव घेऊन दाखवते. वरचा ४,२९,४९,६७,२९० वाला आकडा पहिल्या टेस्टमध्येच घाला. ती ३२ बिटांवर हिरवी झाली की मग बोर्डावर नवा बिल्ड टाका, आणि पहिले पंधरा दिवस 'बाद' फोल्डरमध्ये रोज किती फाइली जमतात ते बघा. एकाच नोडच्या जमत असतील तर आता खुशाल त्याची वायर तपासायला जा.